उसनी साक्ष

मला संमेलनांचा मनापासून कंटाळा आहे, आणि गेल्या चाळीस वर्षांत मी एकही चुकवलेलं नाही. निवृत्त झालो तरी पत्रिका येतेच. पूर्वी ती पोस्टाने यायची, आता फोनवर येते, कबुतराच्या आणि उगवत्या सूर्याच्या चित्रासकट. गेल्याच महिन्यात दादरला एका हॉलमध्ये तीन दिवस बसून आलो. गळ्यात अडकवायला नावाचं कार्ड दिलं, पिशवी दिली, पिशवीत वही, पेन आणि पाण्याची बाटली. व्याख्यानं झाली, गटचर्चा झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडद्यावर अक्षरं झळकली, 'साक्ष : प्रत्येकी पाच मिनिटे'. आमच्याकडे साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. मंडळीसमोर उभं राहून, देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते आपल्या तोंडाने सांगायचं, ती साक्ष. एक तरुण उभा राहिला आणि आपण किती वाया गेलो होतो ते सांगू लागला. लोक डोळे पुसू लागले. मी हळूच उठलो आणि बाहेर चहाच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. तो खोटं बोलत होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. साक्षीच्या सभेत मला बसवत नाही, एवढंच. त्याचं कारण मी बायकोलासुद्धा लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं. आता लिहून टाकतो. ज्यांना त्याचा त्रास झाला असता ती माणसं आता राहिली नाहीत.

आम्ही घोडपदेवला राहायचो. आमचं चर्च म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली, बाहेरून बघणाऱ्याला गोदाम वाटावं अशी, आणि तिच्या पाठीला चिकटून पाळकाच्या दोन खोल्या. पाळक म्हणजे माझे बाबा. एका खोलीत आमचा संसार, दुसरीत बाबांचं टेबल, पुस्तकं आणि भेटायला येणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या. मध्ये दार नव्हतं, पडदा होता, आईने जुन्या लुगड्याचा शिवलेला. आई सगळंच शिवायची. तिचं पायमशीन खिडकीखाली असे आणि रविवार सोडून रोज दुपारी त्याचा खडखडाट चाले. रविवारी मशीन गप्प आणि मटण बोलकं. उपासनेला जाण्याआधी आई ते मंद आचेवर चढवून जायची. नगरकडचं काळं तिखट, भाजलेलं खोबरं, आणि बाबांचा उपदेश लांबला की तिसऱ्या मुद्द्याच्या सुमाराला त्याचा वास भिंतीतल्या फटींतून थेट व्यासपीठापर्यंत पोचायचा. मंडळीतले लोक पाळकसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघून ओळखायचे, आता शेवटचा आशीर्वाद जवळ आला. बाबांचे उपदेश फारसे गाजलेले नव्हते. पण गुरुवारी संध्याकाळी त्या दोन खुर्च्यांपैकी एक कधी रिकामी नसे. माणसं यायची, बोलायची, चहा प्यायची आणि हलकी होऊन जायची. काय बोलायची ते बाबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. आईलाही नाही, आणि आईला त्याचा थोडा रागच होता.

आम्ही बाप्टिस्ट. आमच्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस जाणता झाला, त्याने आपण होऊन मागितला, तरच द्यायचा, आणि तोही पूर्ण पाण्याखाली बुडवून. त्यासाठी व्यासपीठाच्या फळ्यांखाली सिमेंटचा हौद होता. नळाला पाणी सकाळी दीड तास, त्यामुळे हौद भरायला दोन-तीन दिवस लागत, आणि शेवटी शेवटी शेजारच्या चाळीतून बादल्या मागवाव्या लागत. शेजारी सगळे कोकणातले, गिरणीत कामाला. पलीकडच्या मालवणी काकी बादली देताना न चुकता विचारायच्या, "पाद्रीबाबानू, ह्या टायमाक कोणाक बुडवतलात?" आणि मग माझ्याकडे बोट करून, "आणि ह्येका कधी?" त्यांचं खरंच होतं. एकोणीस वर्षांचा झालो तरी पाळकाचा मुलगा कोरडा होता. मंडळीतल्या बायका आडून विचारायच्या, काही सरळच विचारायच्या. बाबांनी मात्र कधी विषय काढला नाही. ते म्हणायचे, "मागायचं त्याने आहे. मी मागून घेतला तर तो माझा होईल."

मला मागायला हरकत नव्हती. अडचण साक्षीची होती. बाप्तिस्म्याआधी मंडळीच्या सभेत साक्ष द्यावी लागते, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मी ज्यांच्या साक्षी ऐकत मोठा झालो त्यांच्यापैकी कोणी मटक्यात बरबाद झालेला होता, कोणी चाकू खाल्लेला होता, कोणाला रुळांवर आडवं पडायला गेल्यावर बायबलमधलं वचन आठवलं होतं. माझं पाप म्हणजे, एकदा परीक्षेत शेजारच्याचं गणित बघून लिहिलं होतं आणि ते चुकलेलं निघालं. एवढ्या भांडवलावर काय साक्ष देणार? आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला मनापासून वाटायचं की आपण चांगल्या घरात जन्मून फार मोठं नुकसान करून घेतलं आहे.

आता शमुवेलकाकांविषयी सांगायला हवं. ते गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर. त्या खात्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांना कमी ऐकू येतं आणि आपण किती मोठ्याने बोलतो हे त्यांना कळत नाही. शमुवेलकाका साधा सलामसुद्धा असा घालायचे की रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायची. दारू सोडून त्यांना तेव्हा काही वर्षं झाली होती. मंडळीच्या प्रत्येक कामाला ते पुढे, विशेषतः स्वयंपाकाला. दोनशे माणसांचा भात त्यांच्या हातून कधी करपला नाही. मी नववीत असताना एका गुरुवारी ते बाबांकडे आले. मी पडद्याच्या अलीकडे भूगोलाचा नकाशा भरत होतो. बाबा नेहमीच्या हळू आवाजात विचारत होते आणि काका आपल्या मते हळू बोलत होते. मला एकूण एक शब्द ऐकू आला. पूर्वी, प्यायचे त्या काळात, त्यांची बायको सुलूकाकू बाळंतपणाला गावी गेली असताना त्यांनी तिचं शिलाई मशीन विकलं होतं. मशीन उचलून न्यायच्या आधी त्यांनी दोऱ्याची रिळं काढली, कात्री काढली, तेलाची कुपी काढली आणि सगळं खिडकीत ओळीने मांडून ठेवलं. "ती रिळं तिने एकेक करून जमवली होती हो साहेब," काका म्हणाले आणि रडायला लागले. काकू परत आली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, कुलूप फोडून चोर आला होता. तिने ते मानलं. दारू सुटली, पण हे सांगणं राहून गेलं, आणि आता कसं सांगू, असं ते बाबांना विचारत होते. बाबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी नकाशात गोदावरी निळ्याऐवजी लाल रंगवली, तेवढं आठवतं.

मी एकोणीस वर्षांचा होतो त्या वर्षीचं संमेलन परळला होतं, एका मोठ्या मंडळीच्या आवारात मांडव घालून. चार दिवस. बाहेरगावचे प्रतिनिधी मंडळीतल्या घरोघरी उतरत, ती पद्धतच होती. हॉटेलात राहणं आमच्यात तेव्हा कोणाला सुचलंही नसतं. आमच्या दोन खोल्यांत नऊ जण उतरले होते. वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, दाढीचे आरसे, सकाळी मोरीपाशी रांग, आणि त्या रांगेत उभ्या उभ्या चाललेली गीतं. आई पहाटे उठून सगळ्यांना पोहे आणि चहा देई, आणि मग ते सगळे परळला जात. तिथे शमुवेलकाका मांडवामागे विटांच्या चुलींवर पातेली चढवून हजर असत. पहिल्या दिवशी डाळ, भात, वांग्याची भाजी, शेवटच्या दिवशी मटण, असं ठरलेलं. लोक व्याख्यानांच्या तारखा विसरतात, पण कुठल्या संमेलनात मटण कसं होतं हे वीस वर्षांनी सांगतात. मला स्वतःलाही त्या चार दिवसांतला एकही उपदेश आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तरुणांची साक्षीची सभा होती. आमच्या घोडपदेवचे मोजकेच लोक तिथे होते. बाबा इतर पाळकांबरोबर स्टेजवर बसले होते, आई घरी पाहुण्यांची व्यवस्था बघत होती. नगर, जालना, कुठून कुठून आलेली माझ्या वयाची मुलं एकामागून एक उठत होती आणि प्रत्येकाजवळ काहीतरी होतं. मला नेमकं काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. कोणी ढकललं नाही, कोणी नाव पुकारलं नाही. मी उठलो, माइकपाशी गेलो आणि म्हणालो, "मी पाळकाचा मुलगा आहे, पण मी घरातला चोर होतो." मांडव गप्प झाला. ती शांतता मला फार आवडली. मग मी दारू प्यालो, आई गावी गेली असताना तिचं मशीन विकलं, आणि विकण्याआधी रिळं, कात्री, तेलाची कुपी खिडकीत ओळीने मांडून ठेवली. रिळांपाशी आलो तेव्हा बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू येऊ लागले आणि मलाही रडू आलं, अगदी खरंखुरं. मी सांगितलं की आईला चोर आला असं सांगितलं, आणि मग त्या रिळांकडे बघून माझं मन पालटलं. लोकांनी 'हालेलुया' म्हटलं. खाली उतरलो तर आमच्याच मंडळीतल्या एका मित्राने कानात विचारलं, "साल्या, तू पितोस? आणि एकटा?" स्टेजवर बाबांनी चष्मा काढला होता आणि धोतराच्या टोकाने काचा पुसत होते. काचा स्वच्छ झाल्या तरी ते पुसतच राहिले.

घरी जाताना बाबा आणि मी चालत निघालो. लालबागच्या पुढे आल्यावर बाबा म्हणाले, "मशीन शमुवेलचं होतं."

मी मान खाली घातली.

"पडद्यामागे होतास?"

"हो. नववीत होतो."

"लोक माझ्याकडे येतात ते मी मोठा शहाणा म्हणून नाही येत, सुधीर. इथलं इथेच राहतं म्हणून येतात. आता शमुवेलला काय वाटेल? पाळकाने जेवताना बायकापोरांना सांगितलं, असंच ना?"

"मी उद्या सगळ्यांसमोर सांगतो, खोटं बोललो म्हणून."

"आणि कोणी विचारलं, मग गोष्ट कोणाची, तर? सुलोचना मांडवात होती. मी तिला पाहिलं, शेवटच्या रांगेत. तिला चोर आला एवढंच माहीत आहे." ते थांबले. मला वाटलं ओरडतील, पण ओरडणं त्यांना जमायचं नाही. "आधी शमुवेलकडे जा. तो म्हणेल तसं कर. मग बाप्तिस्म्याचं वगैरे बघू."

बाप्तिस्म्याचं मी काही बोललोच नव्हतो. पण माझ्या मनात ते होतं हे त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडवामागे गेलो. काका चुलीपाशी उभे राहून डाळ ढवळत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं आणि पुन्हा पातेल्यात बघू लागले. मी जवळ जाऊन म्हणालो, "काका, बाबांनी सांगितलं नाही. मी ऐकलं होतं. पडद्याच्या अलीकडून."

"साहेबांनी नाय सांगितलं?"

"शपथ."

त्यांनी डाव पातेल्याच्या कडेवर ठेवला. एवढ्या वर्षांत मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदा ऐकलं. "रात्रभर मी तेच डोक्यात घेऊन बसलो होतो. बोललो, साहेब पण असलेच निघाले." मग कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "सुलू होती मांडवात."

"काही बोलल्या?"

"काय नाय. सकाळी चहा दिला. नेहमीसारखा." त्यांनी पातेल्यात मूठभर मीठ टाकलं. "तू सांग, खोटं होतं म्हणून. पण माझं नाव तुझ्या तोंडून निघता कामा नये. कोणी किती खोदून विचारलं तरी. मी सांगणार हाय तिला. माझं हाय ते, माझं मला सांगू दे."

मी होय म्हणालो. त्यांनी मला एक पळी डाळ वाटीत घालून दिली, मीठ बरोबर आहे का बघायला. माझ्या तोंडाला चवच नव्हती, पण मी बरोबर आहे म्हणालो.

इकडे वेगळाच घोळ झाला होता. दादरच्या मंडळीतल्या ताराबाई महिलासंघाच्या पुढारी होत्या; उंच, खणखणीत आवाजाच्या, आणि एकदा मनात घेतलं की तडीस नेणाऱ्या. माझी साक्ष ऐकून त्यांनी त्याच संध्याकाळी बायकांकडून वर्गणी गोळा केली आणि ठरवलं की पाळकीणबाईंना नवीन मशीन घेऊन द्यायचं. तिसऱ्या दिवशी आई चपात्या लाटायला परळला आली. दुपारी तिने मला पाण्याच्या पिंपाआड ओढलं.

"चार बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या," ती म्हणाली. "मी पण रडले, काय करू? कोण वारलं तेच मला कळेना. मग कळलं, माझं मशीन गेलंय. सकाळी तर त्याच्यावर झबलं शिवून आले मी!"

"आई, ऐक."

"मी काही ऐकत नाही. त्यांच्यासमोर तुला खोटा पाडला नाही एवढं पुष्कळ झालं. उद्या समारोपाला मला स्टेजवर बोलावून मशीन देणार आहेत. मी त्याला बोट लावणार नाही, सांगून ठेवते. तुझं तू निस्तर." आणि जाता जाता वळून, "दारू पितो म्हणे! खोकल्याचं औषध घेताना नाक दाबतोस."

चौथ्या दिवशी ते मशीन स्टेजवर होतं, रंगीत कागदांच्या झिरमिळ्या लावलेलं. संमेलनाचे अध्यक्ष, एक वृद्ध आणि अतिशय मायाळू पाळक, आईचं नाव घ्यायला उभे राहिले तेव्हा मी पायऱ्या चढलो. पाय थरथरत होते हे सगळेच सांगतात. माझे थरथरले नाहीत, मला जोराची लघवीला लागली होती. मी म्हणालो, "परवा मी जे सांगितलं ते खरं नव्हतं. मी दारू पीत नाही. आईचं मशीन घरी आहे. मी मंडळीशी आणि देवाशी खोटं बोललो. मला क्षमा करा." मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि त्याला कोणीतरी दटावलं. अध्यक्षांचा चेहरा गोंधळला. त्यांनी माइक माझ्यापुढे धरला आणि खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, "मग बेटा, ती हकिकत होती कोणाची?"

मांडवाच्या मागच्या कनातीपाशी शमुवेलकाका हातात झारा घेऊन उभे होते. बायकांच्या शेवटच्या रांगेत सुलूकाकू होती, माझ्याकडे टक लावून.

"कोणाचीच नाही," मी म्हणालो. "मी रचली."

"ती रिळं? खिडकी?"

"तेही रचलं."

असा मी पापाची कबुली द्यायला गेलो आणि कबुलीतच दुसरं खोटं बोललो. पहिल्या खोट्याची मी आजवर किती वेळा क्षमा मागितली असेल त्याला गणती नाही. दुसऱ्याची मागितलेली नाही. अध्यक्षांनी सुटका झाल्यासारखं एक गीत सांगितलं आणि पेटीवाल्याने लगेच सूर धरला. खाली ताराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "एवढं रडवलंस मेल्या," त्या म्हणाल्या, "आणि तेही फुकट!" दुकानदार मशीन परत घेईना, तेव्हा ते शेवटी परळच्या मुलींच्या शिवणवर्गाला दिलं गेलं. बाबा स्टेजवरून उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांना निरोप द्यायला गेले. मला वाटलं, संपलं.

जेवणं झाल्यावर मी ताटं घेऊन नळावर गेलो. सुलूकाकू तिथे घासायला बसली होती. बुटकी, काटक बाई, बोलणं मोजकं. तिने माझ्या हातातली ताटं घेतली आणि वर न बघता म्हणाली, "सात होती."

"काय, काकू?"

"रिळं. सात होती. तू आकडा नाय सांगितलास."

"काकू, मी ते रचलं होतं."

"बरं." तिने एक ताट विसळून बाजूला ठेवलं. "चोर मशीन नेतो रे. रिळं काढून खिडकीत मांडून नाय ठेवत. कात्री पुसलेली होती. कुठला चोर कात्री पुसतो? मला त्याच दिवशी कळलं."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो. "मग तुम्ही कधी काही बोलला नाहीत?"

"मी कशाला बोलू? सांगायचं त्याचं होतं. नऊ वर्षं झाली, जेवायला बसला की मी त्याच्या तोंडाकडे बघते. आज सांगेल, उद्या सांगेल. दारू सोडली तेव्हा वाटलं आता सांगेल. इतकं जवळ आलं होतं." तिने नळ बंद केला. "तू त्याच्या तोंडचं काढून घेतलंस, सुधीर."

ती उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मला ठाऊक हाय हे त्याला सांगू नको. तो सांगेल. त्याचा त्याला सांगू दे." म्हणजे नवऱ्याने आदल्या दिवशी सकाळी चुलीपाशी जे बजावलं होतं तेच बायकोने दुपारी नळापाशी बजावलं, आणि दोघांनाही मी होय म्हणालो.

त्यानंतर मी बाप्तिस्मा मागायला दोन वर्षं घेतली. बाबांनी तेव्हाही विचारलं नाही. मात्र संमेलनानंतरच्या पहिल्याच गुरुवारी त्यांनी आपल्या खोलीतल्या दोन्ही खुर्च्या उचलून चर्चमध्ये नेल्या आणि तिथे, चर्च आणि घर यांमधलं दार लावून, लोकांना भेटू लागले. पावसाळ्यात छप्पर गळायचं तरी तिथेच. शमुवेलकाका काही महिने आले नाहीत, मग एका गुरुवारी आले. आमच्यात बाप्तिस्मा द्यायचा की नाही हे पाळक ठरवत नाही, मंडळी हात वर करून ठरवते. मी उभा राहून साक्ष दिली ती चार वाक्यांची होती: चांगल्या घरात वाढलो, देवाचं नाव लहानपणापासून ऐकलं, एकदा लोकांच्या कौतुकासाठी खोटं बोललो, तेव्हापासून मला त्याची गरज कळली. कोणाला काही विचारायचं आहे का, असं बाबांनी विचारलं तेव्हा सुलूकाकू उठली. "ही तुझीच ना?" लोक हसले. मी म्हणालो, "हो काकू, एवढीच आहे." शमुवेलकाकांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. काकूचा थोडा वेळाने गेला, पण गेला. पलीकडच्या मालवणी काकींनी त्या आठवड्यात स्वतःहून पाच बादल्या पाठवल्या.

पुढे मी पाळक झालो. घोडपदेवची मंडळी काही वर्षं माझ्याकडे होती. ते दोघं रविवारी नेमाने शेजारी शेजारी बसायचे, आणि मी उपदेश करताना नको नको म्हणत त्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचो. चेहऱ्यावरून काही कळत नसे. विचारायचा मला अधिकार नव्हता. काका वारले तेव्हा त्यांच्या मातीला प्रार्थना मीच केली, आणि त्यांच्याविषयी चार शब्द बोलताना स्वयंपाकाच्या पलीकडे गेलो नाही. काकू मग वडाळ्याला मुलीकडे राहायला गेली. पायांनी अधू झाली, चर्चला येणं थांबलं. महिन्यातून एकदा मी तिच्याकडे प्रभुभोजन घेऊन जायचो, रुमालात भाकर आणि लहान बाटलीत द्राक्षरस.

एका दुपारी मुलगी कामाला गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी रुमाल सोडला, पेला पुसला, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तोंडातून निघून गेलं. "काकू, काकांनी सांगितलं का कधी?"

ती 'काय?' म्हणून विचारत बसली नाही. "नाय."

"एकदाही नाही?"

"तीनदा बसला सांगायला. समोर पाट घेऊन बसायचा. तुला ठाऊक हाय त्याचा आवाज केवढा, पण तेव्हा अगदी हळू. 'सुलू, ते मशीन' एवढ्यापर्यंत यायचा." तिने पांघरूण गुडघ्यावर सारखं केलं. "आणि मला तुझाच आवाज ऐकू यायचा रे. मांडवातला, माइकवरचा. मग मी उठायची. बोलायची, आधी जेवून घे."

"काकू, माझं चुकलं."

"चुकलंच," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. "कर आता प्रार्थना."

मी डोळे मिटले. हजारो माणसांसमोर, घरांत, इस्पितळांत, मातीच्या वेळी, लग्नांत, संमेलनांत मी प्रार्थना केली आहे आणि मला कधी शब्द कमी पडले नाहीत. त्या दुपारी एकही आला नाही. भाकर हातात धरून मी नुसता बसून राहिलो. बऱ्याच वेळाने काकूच म्हणाली, "आमेन."